‘पाव’चा तक्ता : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

ठरलं एकदाचं. यंदा मराठी भाषा गौरव दिनाला वाचनालयाच्या व्हरांड्यात सुविचार लावायचे नाहीत, कवींचे फोटोही नाहीत. सगळी भिंत एकाच शब्दाला द्यायची : पाव. जागा आठ फूट बाय चार फूट. मुदत २७ फेब्रुवारी.

शब्द मी निवडलेला नाही, तो सातवीतल्या एका मुलाचा आहे. अपूर्णांक शिकवताना फळ्यावर ‘पाव’ लिहिलं, तर त्यानं हात वर केला. “बाई, पाव किलोतला पाव आणि वड्याबरोबरचा पाव एकच का?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. प्रश्न इतका सरळ होता की त्याचं उत्तर भिंतीवरच द्यावं असं वाटलं.

१० जानेवारी

तीन कार्डं केली. पहिल्यावर चौथा हिस्सा. दुसऱ्यावर खायचा पाव. तिसऱ्यावर ‘देवा, पाव रे’ मधला पाव. लिहायला एक, म्हणायला एक, आणि तिघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असा माझा अंदाज आहे. तो पुराव्यानं दाखवता आला तरच तक्त्याला अर्थ आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन बाबांकडे गेले होते. त्यांचं वय ८४. सहज विचारलं, पावकी आठवते का? पाटावर बसल्यासारखे ताठ झाले आणि डोळे मिटून सुरू : एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. दहा पाव अडीचपर्यंत श्वास न घेता. पुढे निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, सगळं म्हणतो म्हणाले. आईनं चहा आणला म्हणून थांबले.

मग माळ्यावरून आजोबांच्या दुकानाची वही काढली. लाल कापडी पुठ्ठा, पानं कडेनं तपकिरी. त्यात पाव शब्द अक्षरांत कुठेच नाही, एका उभ्या रेघेत आहे. १। म्हणजे सव्वा. १॥ म्हणजे दीड. १॥। म्हणजे पावणेदोन. एक रेघ म्हणजे एक पाव, इतकं सोपं. बोरूचा शेवटचा फराटा थोडा जाड उमटलेला, शाई तिथे साठलेली. या वहीचं एक पान मोठं करून तक्त्याच्या डाव्या बाजूला लावायचं.

बाबांनी आणखी एक हिशोब घातला. शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. त्यामुळे पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. दशमान वजनं आल्यावर गिऱ्हाइकाला पाव किलोत २५० ग्रॅम मिळू लागलं, तरी तोंडात ‘पावशेर’च राहिला. पावलीचंही तेच. चार आण्याचं नाणं जाऊन २५ पैशांचं आलं, तरी पावली. ३० जून २०११ पासून तेही चलनातून गेलं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला पावली माहीत नाही.

१८ जानेवारी

पहिलं कार्ड पक्कं झालं. चौथ्या हिश्शाचा पाव संस्कृत ‘पाद’पासून. पाद म्हणजे पाऊल, आणि पाद म्हणजे चतुर्थांशही. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा भाग. श्लोकाच्या चौथ्या हिश्शालाही पादच म्हणतात. पुरुषसूक्तात तर उघड आहे : ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’. सगळी भूतं मिळून त्याचा एक पाद, उरलेले तीन पाद अमृत, स्वर्गात. ऋग्वेदात अपूर्णांक आहे हे सातवीला सांगितलं की गणिताचा तास वेगळाच होतो.

प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळाला, ‘पाअ’ उरला. ती फट भरायला कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’. म्हणून आपल्याकडे पाय आणि पाव असे दोघे सख्खे भाऊ. घात–घाव, राजा–राव याच चालीचे. पादोन म्हणजे पाव कमी, त्याचा झाला पाऊण. सपाद म्हणजे पावासह, त्याचा झाला सव्वा. शेरास सव्वाशेर म्हणतो तेव्हा त्या ‘सव्वा’त एक पाय लपलेला असतो. लॅटिनमधला पेस, इंग्रजीतला फूट हेही याच मूळ धातूचे लांबचे नातेवाईक.

२२ जानेवारी

दुसरं कार्ड. खायचा पाव.

कॉमन रूममध्ये तिघींना विचारलं, पावाला पाव का म्हणतात? तिघींचं उत्तर एकच : पायांनी मळतात म्हणून. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याच कारणानं माझी एक आजी आयुष्यभर पाव खायची नाही.

ही गोष्ट चूक आहे. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’. शेवटचा स्वर ते नाकात म्हणतात. मूळ लॅटिन ‘पानिस’. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये आमची वसई त्यांच्याकडे गेली ती थेट १७३९ पर्यंत. भट्टीतला पाव त्यांच्याबरोबर आला आणि नाव घेऊन आला.

नुसतं ऐकायला सारखं वाटतं एवढ्यावर भागणार नाही, जोडीदार हवा होता. तो दुपारी डबा खाताना सापडला : लिलाव. पोर्तुगीजमध्ये ‘लेइलांव’. तिथेही शेवटी तोच नाकातला स्वर, आणि मराठीत तिथेही ‘आव’. एकाच साच्यातून दोन शब्द निघाले की तो योगायोग राहत नाही. पुढची गंमत अशी की लिलाव पोर्तुगीजांचाही नव्हे, त्यांनी तो अरबीतून उचलला.

पण मग पायाची गोष्ट आली कुठून? मला वाटतं, हिंदीतल्या ‘पाँव’मधून. पोर्तुगीज उच्चार आणि हिंदीतलं पाऊल कानाला जवळजवळ एकच. अनोळखी शब्द कानावर पडला की माणूस त्याला ओळखीचा अर्थ चिकटवतो. आणि मजा पाहा, पायाची गोष्ट खरी आहे, फक्त ती चुकीच्या पावाला चिकटली. पायाचा पाव म्हणजे पाव किलोतला, भट्टीतला नव्हे.

२५ जानेवारी

पहाटे साडेचारला बेकरीत. चाचांनी दोन दिवसांपूर्वी ये म्हटलं होतं, आज रविवार म्हणून जमलं. बाहेर अंधार, आत पिवळा बल्ब, आणि उंबऱ्यातच तो आंबूस-गोड वास.

मैदा यंत्रातच मळला जातो. पुढचं सगळं हातानं. टेबलावर गोळा टाकला की तो क्षणभर थरथरतो. चाचांचा मुलगा तुकडा तोडतो, तराजूकडे न बघता, आणि दोन्ही तळव्यांखाली दोन गोळे एकाच वेळी फिरवतो. पत्र्यावर ओळीनं मांडतो, मध्ये बोटभर जागा सोडून. फुगले की ते एकमेकांना भिडतात, आणि भाजून निघते ती सलग लादी. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पत्रा भट्टीत सरकतो. बाहेर आला की वरून तपकिरी, चकचकीत. चाचांनी लादीतला एक पाव उपटून माझ्या हातात दिला. जिथे शेजाऱ्याला चिकटलेला होता तिथे पांढऱ्या तंतूंची भिंत, अजून वाफ सोडणारी.

धीर करून पायाची गोष्ट विचारली. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पीठ लागलेले हात माझ्यासमोर धरले. “बाई, चाळीस वर्षं हेच हात आहेत. पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर आम्ही उचलून कपाळाला लावतो. त्याला पाय लावू?” मग म्हणाले, गिऱ्हाईक तोंडावर विचारतं, हसत हसत, पोरांसमोर.

घरी येताना ठरवलं. तक्त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हेच वाक्य जाईल : पाव पायांनी मळत नाहीत, आणि त्याचं नाव पायावरून पडलेलं नाही.

२९ जानेवारी

पोर्तुगीज शब्दांचा विषय निघाला आणि दालगादो राहिले असं होऊ शकत नाही. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, गोव्यात आसगावला १८५५ मध्ये जन्मलेले धर्मगुरू. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा ग्रंथ १९१३ चा, आणि त्यानंतर १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांचा मोठा कोश. आपण रोज पगार, चावी, तुरुंग, बटाटा, घमेलं, फीत म्हणतो ते कुठून आलं हे एका कोकणी माणसानं शंभर वर्षांपूर्वी चिकाटीनं मांडून ठेवलंय. आपल्या शाळांत हे नाव कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

गोव्याच्या मैत्रिणीशी फोनवर तासभर. तिच्याकडे पाव हा एकटा नाही, कुटुंब आहे : पाव, उंडो, कात्रे पाव, कोंड्याची पोळी, बांगडीसारखं कांकण. विकणारा पोदेर, हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून. सकाळी सायकलच्या भोंग्याचा पों-पों ऐकू आला की आई पिशवी घेऊन फाटकाशी, असं तिनं सांगितलं. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. यीस्ट नव्हतं, पण माड होते.

२ फेब्रुवारी

जपान! हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, त्यामुळे तक्त्यावर जागा जास्त जाणार आहे.

पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. १६३९ मध्ये त्यांना हाकलून दिलं, दारं बंद झाली. माणसं गेली, शब्द राहिला. जपानीत पावाला आजही ‘पान’ म्हणतात. ऐकून आपल्याला विड्याचं पान आठवणार, पण तो तोच लॅटिन पानिस. जपानकडून तो कोरियात गेला, तिथे ‘प्पांग’ झाला. श्रीलंकेतही पोर्तुगीज गेले होते, तिथल्या सिंहलीत ‘पान्’ आणि तिथल्या तमिळमध्ये ‘पाण’. बंगालीत ‘पाउरुटी’, म्हणजे पाव आणि रोटी दोन्ही. एकाच गलबतातून उतरलेल्या शब्दाचं नाक कुठे शाबूत राहिलं, कुठे गेलं. कोलंबोत आणि क्योतोत ‘न’ टिकला, वसईत ‘व’.

आणि हे पाहा. तोक्योतल्या गिंझा भागातल्या किमुराया या दुकानानं १८७४ मध्ये ‘आनपान’ काढला : पावाच्या आत अझुकी नावाच्या लाल बियांचं गोड पुरण. दुसऱ्या वर्षी ४ एप्रिल १८७५ ला तो मेइजी सम्राटाला सादर केला. पीठ फुगवायला त्यांनी काय वापरलं? साके करायला लागणारं तांदळाचं विरजण. गोव्यात माडाची सूर, जपानात साकेचं विरजण. दोन टोकांच्या दोन समुद्रकिनाऱ्यांवर परक्या पदार्थाला फुगवायला माणसांनी घरचंच मद्य पुढे केलं. हे कळल्यावर मी खुर्चीतून उठून घरभर दोन चकरा मारल्या.

५ फेब्रुवारी

दुरुस्ती. परवा कच्च्या आराखड्यात ‘चीनमध्ये : पाव’ असं लिहून बाण पोर्तुगालपासून काढला होता. तो चुकला.

झालं असं, सिंगापूरच्या मावसबहिणीनं फोटो पाठवला. नाश्त्याला पांढराशुभ्र, वाफवलेला, आत गोड सारण असलेला गोळा. खाली लिहिलेलं, “इथे पण पाव!” तिथे त्याला खरोखर पाव म्हणतात. माझा बाण आनंदानं धावला. पण हा चिनी शब्द आहे, ‘बाव’. अर्थ गुंडाळणे, गाठोडं बांधणे. पीठात सारण गुंडाळलं म्हणून तो बाव, दक्षिणेकडच्या बोलींमधून मलय भाषेत पाव. फिलिपिन्समध्ये ‘शोपाव’. चिनी भाषेत भाजलेल्या ब्रेडला ‘म्येनबाव’ म्हणतात, तिथेही तेच गुंडाळणं. पोर्तुगीज पावाशी नातं शून्य. एक भट्टीतला, एक वाफेवरचा, आणि दोघं चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीत, मकावमध्ये, एकाच गल्लीत शेजारी विकले गेले.

बाण खोडला, पण खोडलेला बाण तसाच दाखवायचा, लाल फुलीसह. मुलांना चूक कशी होते हेही दिसलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

तिसरं कार्ड, आणि हे मनाच्या सगळ्यात जवळचं.

देव पावला. नवसाला पावणारा गणपती. हा पावणे धातू संस्कृत ‘प्र + आप्’, म्हणजे प्राप्, त्यापासून. ‘प्र’चा ‘प’ झाला, आणि दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ : ताप–ताव, दीप–दिवा, तसं प्राप्–पाव. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. मग देव पावतो म्हणजे काय? तो पोचतो. हाक मारली तिथे येऊन पोचतो. इतकी वर्षं मी या शब्दाचा अर्थ प्रसन्न होणे एवढाच धरला होता.

जुन्या पत्रांत ‘पत्र पावले’ लिहीत. पैसे पोचले याचा कागद म्हणजे पावती. मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात येतात तेव्हा हातातली पावती आणि मांडवातला पावणारा गणपती एकाच धातूचे. समाधान पावणे, जन्म पावणे, मरण पावणे. मराठी माणूस मरणालाही पोचतो.

सुखकर्ता दुःखहर्ता या आरतीत रामदासांचं ‘संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे’. अर्धी आळी ‘संकष्टी पावावे’ म्हणते, मीही चौथीपर्यंत तेच म्हणत होते. संकष्टी चतुर्थीला पाव म्हणून. पण रामदासांचं मागणं एका तिथीचं नाही. संकटात पोच, केव्हाही.

आणि गावाकडचे ‘पावणे’? तो पाहुणा, संस्कृत प्राघुणपासून. पुन्हा वेगळं कुळ. बाबांना ही चारही दाखवली तेव्हा त्यांनी लगेच वाक्य केलं : पावणेआठला पावणे आले, पाव किलो पाव आणला, देव पावला. हे वाक्य तक्त्याच्या अगदी वर.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या मावशी तक्ता बघायला आल्या. त्या इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या वसईच्या ख्रिस्ती. बराच वेळ बघून म्हणाल्या, “विहिरीची गोष्ट नाही घातलीस?”

विहिरीत पाव टाकला आणि सगळा गाव बाटला, ही गोष्ट या किनाऱ्यावर सगळ्यांनी ऐकलेली आहे. मी ती टाळली होती. मावशी म्हणाल्या, “माझ्या आजीला शाळेत पाववाली म्हणत. शब्दाची कुंडली मांडतेस ना, मग ते पण मांड.”

त्यांचं खरं आहे. पाणी प्यायलं म्हणून धर्म गेला असं ठरवणारे पाव टाकणारे एकटे नव्हते. ज्यांनी त्या तहानलेल्या माणसांना पुन्हा घरात घेतलं नाही, ते आपलेच. आणि त्याच शब्दाची दुसरी बाजूही मराठीच आहे. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, जातिभेद मोडायला, गुप्तपणे. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सर्वांदेखत खायचा. त्या सभेत कोण होते? दादोबा पांडुरंग. १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे तेच. ज्या माणसानं आपल्या भाषेचे नियम मांडले, त्याच्या सभेत जात सोडल्याची खूण म्हणून पावाचा घास होता. हे भिंतीवर गेलंच पाहिजे. लिलावची चौकट लहान करून जागा काढली.

१६ फेब्रुवारी

जागा संपत आली, कापाकापी. ओझरते ठेवलेले : हवाई बेटांवर ‘पाउ’ म्हणजे संपलं. स्पेनमधल्या कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता. पोर्तुगीजमध्ये नाकात न म्हणता ‘पाउ’ म्हटलं की लाकूड, आणि त्यातल्याच ‘पाउ-ब्राझील’ या तांबड्या रंगाच्या लाकडावरून अख्ख्या देशाचं नाव पडलं. ब्राझील हे नाव युरोपात आधी आपल्याकडच्या ‘पतंग’ नावाच्या झाडाच्या लाकडाला होतं, हे लिहायचा फार मोह झाला. एक ओळ लिहिलीच.

कंपनी मात्र सोडली नाही. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे बरोबर, ‘पानिस’ म्हणजे पाव. एकत्र पाव खाणारे ते कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीपासून नाटक कंपनीपर्यंत सगळ्या त्या पंगतीतून उठलेल्या.

२१ फेब्रुवारी

छपाईहून पहिला नमुना आला. १॥। मधली शेवटची रेघ गेलेली, पावणेदोनचा दीड झाला. परत पाठवला.

२७ फेब्रुवारी

सकाळी नऊला लावला. सातवीचा तो मुलगा सगळ्यात आधी. पुरुषसूक्ताच्या ओळीसमोर उभा राहून बोटांवर तीन आणि एक मोजत होता. बाबांनी खुर्चीवर बसून पावकी म्हटली, दोनदा. मावशी दादोबांच्या चौकटीपाशी थांबल्या आणि पदरानं काचेवरची धूळ पुसली.

चाचा दुपारी भट्टी थंड झाल्यावर आले, इस्त्रीचा सदरा घालून. मराठी सावकाश वाचतात. मोठ्या अक्षरांतलं वाक्य त्यांनी ओठ हलवत वाचलं, मग मुलाला फोन लावून मोठ्यानं वाचून दाखवलं.

३ मार्च

व्हरांडा रिकामा करायचा होता. तक्ता ठेवायचा कुठे हा प्रश्न चाचांनीच सोडवला, टेम्पो घेऊन आले. आता तो बेकरीत गल्ल्याच्या मागे आहे. आठ फूट मावत नव्हतं म्हणून कपाट सरकवलं. आज संध्याकाळी पाव आणायला गेले तेव्हा खालच्या कोपऱ्यावर, जपानच्या चौकटीवर, पिठाचा एक पंजा उमटलेला होता. पुसू नका म्हटलं.